पांढऱ्या दगडाखालचं पाणी

पाताळ हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण वस्तीत कुणाला त्याचं खरं नाव विचारलं असतं, तर चार जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं असतं. अर्धं आयुष्य जमिनीखाली काढलेल्या माणसाला लोक दुसरं म्हणणार तरी काय? विहीर खोदायची असली की माणसं त्याच्या दारात येऊन हाक मारायची, "पाताळ वर आहे का?" आणि त्याची बायको आतून ओरडायची, "वर आहेत, पण अंघोळ चाललीय. बसा जरा!"

विहिरी खोदण्याचा धंदा त्याच्या बापाचा, त्याआधी आजोबांचा. बापाने त्याला पहिल्यांदा खाली सोडलं तेव्हा एकच गोष्ट बजावून सांगितली होती: खाली असताना वरच्या माणसाशी भांडण काढायचं नाही, दोर त्याच्या हातात असतो. पाताळने ते जन्मभर पाळलं. फरक एवढाच, की लग्न झाल्यावर वर दोर धरायला बायको उभी राहू लागली आणि मग त्याचं भांडणं जमिनीवरही जवळजवळ बंदच झालं.

त्यांची वस्ती मिठागरांना लागून होती. एक लांब सरळ रस्ता. एका टोकाला ताडपत्रीखाली झाकलेले मिठाचे ढीग, दुसऱ्या टोकाला बसथांबा आणि त्याच्या मागे वाळूची एक टेकडी. मध्ये शाळा, दोन दुकानं, बर्फाचा कारखाना. मिठाने घरांच्या भिंतींचे पोपडे निघायचे, दारांच्या बिजागऱ्या वर्षभरात गंजून तुटायच्या, सायकल घेतली की तिसऱ्या महिन्यात तिची किंमत भंगाराची. हे सगळं लोकांनी पत्करलं होतं. पाणी मात्र त्यांनी कधी मनापासून पत्करलं नव्हतं. वस्तीतल्या एकूण एक विहिरीचं पाणी मचूळ. त्यात साबणाला फेस येत नसे. त्याचा चहा केला तर पाहुणा दुसऱ्या घोटाला घरची आठवण काढून उठायचा. बर्फाच्या कारखान्यालाही पाणी बाहेरूनच आणावं लागे. पिण्यासाठी टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीने. टँकरचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून बायका हंडे-कळश्या घेऊन पळत सुटायच्या. पाताळच्या बायकोची कंबर त्याच धावपळीत गेली.

आणि यातल्या बऱ्याच विहिरी पाताळनेच खोदल्या होत्या. तळाला ओल लागली की तो पहिली ओंजळ स्वतः तोंडात घ्यायचा. वरची माणसं वाकून बघत असायची. तो थुंकायचा, आणि त्या थुंकण्याच्या आवाजावरूनच वरच्यांना काय ते कळायचं. हळूहळू लोक म्हणायला लागले, पाताळचा हातच खारट. थट्टेत म्हणायचे, पण म्हणायचे.

शेवटची विहीर बर्फाच्या कारखान्यामागे होती. त्या वेळी सगळ्या वस्तीने मिळून काम काढलं होतं. पाताळ एवढा खोल पूर्वी कधीच गेला नव्हता. खाली पांढरा, चिवट दगड लागला, पहार टेकवली की नुसती टणकन उडायची. आणि दगडाच्या वर बाजूने जे पाणी झिरपत होतं ते समुद्रालाही लाजवेल असं होतं. तो वर आला तेव्हा कठड्याभोवती सगळी वस्ती उभी होती. कुणी शिवी दिली असती तर चाललं असतं. कुणी काहीच बोललं नाही. सगळे आपापल्या घरी निघून गेले.

त्या दिवशी पाताळने दोर माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून मिठागरावर पोती भरायला जाऊ लागला.

अशात काही वर्षं गेली. शहरात दिलेली लेक सारखी मागे लागली होती, आता तिथे काय राहिलंय तुमचं, इकडे या. बायकोने दोन ट्रंका भरूनही ठेवल्या होत्या. आणि एका सकाळी त्यांच्या दारात एक उंच, सावळ्या बाई येऊन थांबल्या. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, पायात मळलेले बूट, केसांत वाळू.

"समोरची खोली भाड्याने द्यायची आहे ना?" असं विचारतच त्या पायरी चढणार, तोच थबकल्या. मग सरळ खाली बसल्या आणि पायरीवरून हात फिरवू लागल्या.

पाताळच्या बायकोला वाटलं, बाईंना चक्कर आली. ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"वहिनी, हा पांढरा दगड कुठून आणलात?"

"यांना विचारा," बायको म्हणाली. "यांच्या पराक्रमाचा आहे तो."

पाताळ आतून बाहेर आला. त्या विहिरीतून निघालेल्या पांढऱ्या कपच्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्याने त्यांची पायरी बांधली होती. रोज पाय देताना आठवण राहावी, हाही एक हेतू असावा. त्याने चार शब्दांत सगळं सांगितलं. इतका लाजिरवाणा किस्सा ऐकून एखाद्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला त्याने पूर्वी पाहिला नव्हता.

बाई विद्यापीठात जुना इतिहास शिकवायच्या. त्या समोरच्या खोलीत राहायला आल्या, भिंतभर किनाऱ्याचे नकाशे लावले, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी नवरा-बायकोला आपलं काम सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कुठेतरी एक गाव होतं. त्याचा एक दगडही कुणाला सापडलेला नाही. ते होतं हे कळतं ते फक्त जुन्या दोन लेखकांमुळे. एक दर्यावर्दी, आपल्या प्रवासाची हकीकत लिहिणारा. दुसरा इतिहासकार. दोघांनी त्या गावाबद्दल एकेक ओळ लिहिली आणि पुढच्या बंदराकडे निघून गेले.

"फक्त दोन ओळी?" बायकोने विचारलं.

"फक्त दोन. आणि त्या दोन ओळींवर माझी वीस-बावीस वर्षं गेलीत."

"तुमच्या घरचे काही म्हणत नाहीत?"

"म्हणायचे पूर्वी. आता थकले."

पहिली ओळ अशी होती: सगळीकडे मीठच मीठ आहे, तरी गलबतं इथे थांबतात, कारण पांढऱ्या दगडाच्या पायथ्याशी गोड पाणी आहे. ती वाचून आजवरच्या विद्वानांनी किनाऱ्यावरचे सगळे पांढरे कडे पालथे घातले होते. या वस्तीत तर कडा सोडा, वाळूची ती टेकडी वगळता साधा उंचवटाही धड नव्हता, त्यामुळे इकडे कुणी फिरकलंच नव्हतं. बाईंचं म्हणणं होतं, त्या जुन्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ 'पायथ्याशी' होतो तसा 'खाली' असाही होतो. पांढऱ्या दगडाच्या खाली. म्हणजे कडा शोधायचाच नाही. जमिनीत पांढरा दगड कुठे आहे ते शोधायचं.

"आणि दुसरी ओळ?" बायको म्हणाली.

"दुसरी छोटी आहे. 'हे लोक मीठ विकतात, पाणी विकत नाहीत.'"

बायकोने पोळपाटावरचा हात थांबवला. मग म्हणाली, "बाई, ते पाणी कोण भरत होतं, हे नाही लिहिलं वाटतं त्यांनी?"

"नाही."

"पुरुषच होते ना दोघे?"

बाई इतक्या हसल्या की स्टूल डगमगलं. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. बायको त्यांना 'ताई' म्हणू लागली. पाताळ मात्र शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत राहिला.

कामाला माणूस हवाच होता. बाईंनी पाताळला मुकादम केलं. त्याने होकार दिला, पण एक अट घातली. "टेकडी खणा, रस्ता खणा, माझं घर खणा. त्या कारखान्यामागच्या विहिरीचं नाव काढायचं नाही."

"दादा, पण दगडाखाली..."

"दगडाखाली काही नाही. मी तिथे उभा राहिलोय, बाई. माझ्या घोट्यापर्यंत होतं ते पाणी. तुमच्या दर्यावर्दीने गलबतावर बसून लिहिलं असेल, मी चाखलंय."

बाईंनी वाद घातला नाही. पहिला हिवाळा त्यांनी बसथांब्यामागच्या वाळूच्या टेकडीत काढला. खापरं निघाली, माशांची हाडं निघाली, एका पडक्या भिंतीचा पाया निघाला. त्या पायात, इतर दगडांत उलटा बसवलेला एक अर्धगोल दगड होता. तो मोकळा करून धुतला, तेव्हा त्याच्या आतल्या कडेवर खोल खाचा दिसल्या, बोट मावेल एवढ्या.

बाई आणि विद्यापीठातून आलेले त्यांचे सहकारी मोजमापं घेऊ लागले. पाताळ जवळ येऊन उकिडवा बसला. त्याने खाचेत बोट घातलं, सावकाश मागेपुढे फिरवलं. त्याच्या बापाच्या काळच्या विहिरींच्या कठड्यांवर अशा खाचा होत्या. दोराच्या. पण त्या नुसत्या रेघा होत्या. एवढ्या खोल खाचा पडायला किती पिढ्यांनी दोर ओढला असेल?

"बाई," तो म्हणाला, "खाऱ्या पाण्यासाठी कुणी एवढा दोर ओढत नाही."

"मलाही तसंच वाटतं, दादा."

"मग यांची विहीर कुठाय?"

"दगड कुठून तरी उचलून आणून भिंतीत घातलाय. विहीर कुठेही असेल. पण त्यांना दगडाखाली जाता येत होतं, एवढं मला वाटतं."

पाताळ त्या दिवशी घरी जेवला नाही नीट. बायकोने विचारलं तर म्हणाला, काही नाही. ती काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

"तुम्ही त्या विहिरीला घाबरत नाही," ती म्हणाली. "लोक पुन्हा गप्प उभे राहतील, त्याला घाबरता."

त्याने ताट बाजूला सारलं.

"राहू देत की गप्प. नाहीतरी आपण जाणारच आहोत इथून. आणि गप्प माणसांचा तुम्हाला एवढा त्रास होत असेल, तर मी बोलत राहीन वरून."

पुढच्या हिवाळ्यात त्याने माळ्यावरून दोर काढला. दोर कुजला होता, नवा आणला. कप्पीला तेल दिलं. साठलेलं पाणी डिझेलच्या पंपाने बाहेर काढलं. विहिरीत पेटता कंदील सोडून खालची हवा तपासली, आणि मग बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा खाली उतरला. साठलेलं पाणी डिझेलच्या पंपाने बाहेर काढलं. बाजूचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून सिमेंटच्या गोल कड्या एकावर एक उतरवून मागे माती ठोकली. हे करायचं बाईंनीच सुचवलं होतं. वरचं खारं पाणी आणि दगडाखालचं पाणी ही दोन वेगळी पाणी असू शकतात, मधला दगड झाकणासारखा असतो, आणि खालचं पाणी कुठून तरी लांबच्या डोंगरातून येत असतं, असं त्यांनी विद्यापीठातल्या भूगर्भाच्या माणसाला विचारून पक्कं केलं होतं. पाताळला हे नवीन होतं. तीन पिढ्या विहिरी खोदूनही त्यांच्या घरात कुणाला हे माहीत नव्हतं. पांढरा दगड लागला की काम संपलं, असंच ते धरून चालायचे.

मग सुरू झालं घण-छिन्नीचं काम. रोज घमेलंभर पांढऱ्या कपच्या वर जायच्या. वरून बायको बोलत राहायची. कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या घरी भांडण झालं, टँकर आज आला नाही, ताई उन्हात टोपी न घालता बसल्यात. खाली तो छिन्नीवर घाव घालायचा आणि ऐकायचा. वस्तीतले लोक येता-जाता डोकावून जायचे. "पाताळ, अजून कुठवर?" "काय रे, पलीकडच्या देशात निघणार काय?" पण गप्प कुणी नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं, आणि घाव जरा हलके पडू लागले.

ज्या दिवशी दगड फुटला तो दिवस अगदी साधा होता. दुपार कलत होती. घणाचा आवाज बदलला. भरीव दगडाचा आवाज आणि पोकळ दगडाचा आवाज यात फरक असतो. तो ऐकताच पाताळने कमरेचा दोर चाचपून पाहिला. आणखी दोन घाव घातले. छिन्नी हातातून निसटून खाली गेली आणि त्या भोकातून, छिन्नीच्या जागी, थंड पाणी वर आलं. जोरात नाही. उकळायला लागलेल्या दुधासारखं, गोल गोल, फुगत. त्याच्या पायांना थंडी वाजली.

तो वाकला. ओंजळ भरली. तोंडात घेतली.

आणि त्याला काही कळेना. इतकी वर्षं मिठाची पोती भरली होती, ओठांवर, जिभेवर कायम मीठ. हे पाणी गोड लागत होतं, पण आपल्या जिभेवर त्याचा विश्वास बसेना. आपल्याला हवंय म्हणून लागत असेल. त्याने आणखी एक ओंजळ घेतली. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं.

वर सगळे वाट बघत होते. थुंकण्याचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. बायकोने विचारलं, "अहो? काय झालं?" उत्तर नाही. बाईंचा चेहरा उतरला; त्यांनी कठडा घट्ट धरला. "दादा! दादा, ठीक आहात ना?"

खालून दोराला हिसका बसला. म्हणजे बादली ओढा. बायकोने ओढली. बादली जड होती. तिने ती कठड्यावर टेकवली, ओंजळ बुडवली आणि प्यायली.

मग ती, जी गेले कित्येक दिवस एक क्षण गप्प बसली नव्हती, ती गप्प झाली. तिने बादली उचलून बाईंच्या पुढे धरली. बाई प्यायल्या. मग बर्फाच्या कारखान्यातला मिस्त्री प्यायला, शाळेच्या बाई प्यायल्या, ज्याला जे भांडं मिळालं तो त्यात घेऊन प्यायला. आणि मग बायकोला आठवण झाली की नवरा अजून खालीच आहे.

"अहो, वर या!" ती विहिरीत वाकून ओरडली, आणि तिला पुढे बोलवेना. मग म्हणाली, "गोड आहे हो. तुमचा हात गोड आहे."

त्याला वर ओढलं तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. वर आल्यावर त्याने कमरेचा दोर सोडला. बाईंच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले. बाईंनी त्याचे ओले हात आपल्या हातात धरले. दोघांचेही हात थरथरत होते, आणि नंतर बरीच वर्षं दोघं एकमेकांना सांगत राहिले की ते थंडीमुळे होतं.

आठवड्याभराने एक भानगड उभी राहिली. विहीर होती बर्फाच्या कारखान्याच्या जागेत. कारखान्याचे मालक वाईट नव्हते, पण धंदेवाले होते. त्यांनी विहिरीला जाळी बसवायचं ठरवलं. कारखान्याला लागेल ते पाणी आधी. उरलेलं वस्तीला, कळशीमागे काहीतरी घेऊन. मिस्त्री जाळी घेऊन आला तर कठड्याभोवती बायका बसलेल्या. मध्ये पाताळची बायको.

मालक आले. "अहो वहिनी, मी काही उगीच पैसे मागत नाही. देखभाल कोण करणार?"

"देखभाल हे करतील," तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि ताई, तुम्ही त्यांना ती ओळ वाचून दाखवा."

"कोणती?"

"तुमची. दुसरी."

बाईंनी ती आधी त्या जुन्या भाषेत म्हटली. कुणाला कळली नाही, पण सगळे ऐकत होते. दोन हजार वर्षांत त्या किनाऱ्यावर ते शब्द बहुधा कुणी मोठ्याने म्हटले नव्हते. मग त्यांनी अर्थ सांगितला. हे लोक मीठ विकतात, पाणी विकत नाहीत.

"तुम्ही बर्फ विका ना," पाताळची बायको म्हणाली. "बर्फाला कोण नाही म्हणतंय? पाण्याला जाळी नको. उद्या आपल्याबद्दल कुणी एकच ओळ लिहिली, तर ती काय असावी असं वाटतं तुम्हाला?"

मालकांनी डोक्यावरून हात फिरवला. ते बायकांकडे बघत राहिले, मग मिस्त्रीकडे. "ती जाळी," ते म्हणाले, "कोंबड्यांच्या खुराड्याला होईल का बघ." एवढ्यावर विषय मिटला. त्यांच्या या एका वाक्याबद्दल वस्तीने त्यांना पुढे बरंच काही माफ केलं.

ट्रंका पुन्हा उघडल्या गेल्या. लेक रुसली, मग स्वतःच सुट्टीला येऊन राहू लागली. पाताळने नंतर आसपासच्या वस्त्यांत पांढऱ्या दगडाखाली आणखी विहिरी काढल्या. एखादी खारट निघालीही, पण आता कुणी त्याच्या हाताला नावं ठेवत नसे.

बाईंनी आपला लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं, इथे जुनी वस्ती होती आणि तिला गोड पाणी ठाऊक होतं; पण हेच ते गाव, असं म्हणायला पुरावा नाही. पाताळची बायको या एका वाक्यावरून त्यांच्याशी भांडली. "ताई, एवढं पाणी लागलं, आणखी काय पुरावा पाहिजे?" बाई म्हणाल्या, "नाव पाहिजे, वहिनी. कुठेतरी त्यांनी स्वतःचं नाव कोरलेलं पाहिजे." वस्तीने मात्र वाट पाहिली नाही. विहिरीवर त्या गावाच्या नावाची पाटी रंगवून लावून टाकली.

आणि मग बऱ्याच वर्षांनी ते नाव सापडलं. पण इथे नाही. किनाऱ्याने खूप वर, बसने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर, एका धक्क्याचं काम चालू असताना कोरीव दगड निघाला. त्यावर गावाचं नाव, स्पष्ट. आजूबाजूला घरं, गोदामं, मिठाची टाकी, आणि पांढऱ्या दगडाला पाडलेली भोकं. शंकेला जागाच नव्हती.

बातमी लेकीने फोनवर सांगितली. पाताळने फोन ठेवला आणि बसून राहिला. "बाईंचं काय होईल गं?" तो बायकोला म्हणाला. "सगळं आयुष्य घातलं त्यांनी."

दोनच दिवसांत बाई स्वतः आल्या. केस पांढरे झाले होते, निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण पिशवी तीच होती. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. नवरा-बायको दोघंही दुखवट्याला बसल्यासारखे समोर बसले.

"असे काय बसलात?" बाई म्हणाल्या. "मी चुकले. गाव तिकडे होतं. पण होतं, वहिनी! खरंच होतं! दोन ओळी लिहिणारे ते दोघे खोटं बोलत नव्हते. कधी कधी मला वाटायचं, नसेलच असं काही गाव, आणि मी एका गप्पिष्ट खलाशाच्या थापेमागे म्हातारी झाले."

"पण तुमचं काम?" पाताळने विचारलं.

"माझी जागा चुकली, शब्दाचा अर्थ नाही चुकला. पाणी दगडाखालीच होतं, तिथेही. आणि खरं सांगू का दादा, मला दुसऱ्या कुणाच्या घरात इतकं मिळालं नाही. ते गाव नसतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?"

पाताळने बराच वेळ शब्द जुळवले. बोलण्यात तो कधीच पुढे नव्हता. "तुमची चूक आम्ही रोज पितो, बाई," तो म्हणाला. "पोरंबाळं पितात. कंबर मोडलेली माणसं पितात. देवाने सगळ्यांना अशीच चूक करायची बुद्धी द्यावी."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

तालुक्याचा एक अधिकारी मध्यंतरी येऊन गेला. म्हणाला, पाटीवरचं नाव आता शास्त्राला धरून नाही, बदलायला हवं. शाळेच्या बाईंनी त्याला पाणी प्यायला दिलं. तो प्यायला, आणखी एक ग्लास मागितला, आणि पाटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्याच हिवाळ्यात तिघंजण ते खरं गाव बघायला गेले. बसचा प्रवास लांबचा. पाताळचे गुडघे आखडले, बायकोला मळमळलं, बाई मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून लहान मुलीसारख्या बघत होत्या. उतरल्यावर दिसलं ते फारसं काही नव्हतं. दोरी लावून आखलेले चौकोन, कमरेएवढ्या भिंती, पत्र्याचं छप्पर. तिथला पहारेकरी आधी आत सोडायला तयार नव्हता. आज बंद आहे म्हणाला. मग खोदकामाच्या प्रमुख बाई, अगदी तरुण, हातातली कामं टाकून धावत आल्या. त्यांना कुणीतरी नाव सांगितलं असावं. "तुम्ही? 'दगडाखाली'वाल्या?" असं म्हणून त्यांनी वाकून नमस्कारच केला. "तुमचा तो लेख वाचूनच आम्ही पांढऱ्या दगडाची भोकं ओळखली. नाहीतर धक्क्यासाठी सगळं बुजवणार होते."

त्यांनी छपराखालचं कापड बाजूला केलं. खाली तो दगड होता, तिरका पडलेला, एक कोपरा तुटलेला.

बाई गुडघे टेकून खाली बसल्या. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. हळूहळू, एकेक अक्षर चाचपत, न बोलता. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

पाताळ थोडा मागे सरकून उभा राहिला आणि बायकोलाही त्याने हाताने मागे घेतलं. आपण तळाशी उभे होतो तेव्हा कसं वाटलं होतं, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सांगता आलंच नव्हतं. आता सांगायची गरजही वाटली नाही. समोरच दिसत होतं.

रस्त्यावर परतीच्या बसने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, लांब.

"जाऊ दे ती," पाताळची बायको म्हणाली. तिने पदर सावरून एका पडक्या भिंतीवर बैठक मारली, नवऱ्यालाही शेजारी बसवलं. "दुसरी येईल. ताईंचं वाचून होऊ दे निवांत."